रविवारची नोंद: आठवड्यातले छोटे यश गटात कसे मांडावे

सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांचा आमचा एक गट आहे; त्यात दर रविवारी जो तो आपले त्या आठवड्यातले छोटे यश नोंद म्हणून लिहितो. परभणीत घरी बसून सॉफ्टवेअरचे काम शिकणाऱ्या एका मुलीने आमच्या गटात पहिल्यांदा नोंद टाकली, ती दोनच शब्दांची होती: "बाऱ्हाळी सापडले." बाऱ्हाळी हे नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातले गाव आहे, ते सापडले म्हणजे नेमके काय झाले, हे कोणालाच कळेना. विचारल्यावर तिने सगळे लिहिले. गावाचे नाव टाकून माहिती शोधता येईल असे एक पान ती बनवत होती, आणि यादीत डोळ्यांना स्पष्ट दिसणारे हे एक नाव शोधात काही केल्या येत नव्हते. असे चार दिवस गेले. शेवटी तिने त्या नावातले एकेक अक्षर सुटे करून त्याचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) छापून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. 'ऱ्ह' हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात खाली टिंब असलेला स्वतंत्र 'ऱ', मग हलन्त आणि मग 'ह' असतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, झिरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि त्यानंतर 'ह' असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तिच्या यादीत पहिला प्रकार होता आणि ती ज्या कीबोर्डवरून नाव टाकत होती, तो दुसरा उमटवत होता. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य लिखाणांना एकच रूप देणारी प्रक्रिया, चालवूनही ती दोन नावे जुळत नाहीत, कारण त्या व्यवस्थेत ही दोन लिखाणे समतुल्य मानलेली नाहीत. म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ तिला स्वतः लिहावी लागली.

एक ओळ कोड आणि त्यामागे चार दिवस, यालाच आम्ही आठवड्याचे छोटे यश म्हणतो. ते कसे ओळखावे, कसे लिहावे आणि दुसऱ्याने लिहिलेले कसे वाचावे, हे गटात नव्याने आलेल्यांना सांगण्यासाठी हा लेख आहे. जालना, हिंगोली, धाराशिव, अंबाजोगाई, उदगीर अशा ठिकाणी राहून जे एकट्याने शिकत आहेत, त्यांना तो अधिक उपयोगी पडेल. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कार्यालयात शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी असते; तुमचा अडलेला कोड चालला की ते त्याला दिसते, आणि "झालं का?" एवढे तरी तो विचारतो. घरी मात्र दिवसभर लॅपटॉपसमोर बसून तुम्ही काय केले, हे आईवडिलांना समजणे अवघड असते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. झालेले काम ज्याला समजेल अशा माणसापुढे ते मांडण्याची जागा म्हणून रविवारच्या नोंदीकडे पाहावे.

या प्रथेमागे निव्वळ कौतुकाची हौस नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहसंशोधक स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ कर्मचाऱ्यांकडून रोजच्या रोज लिहून घेतलेल्या सुमारे १२,००० नोंदी अभ्यासल्या होत्या. २०११ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, कामावरच्या माणसाचा उत्साह ज्या गोष्टींनी वाढतो त्यांत, जे काम आपण अर्थपूर्ण मानतो त्यात थोडी का होईना पण प्रगती झाल्याची जाणीव, ही गोष्ट सर्वांत वरची ठरली. त्याच अभ्यासातून हेही दिसले की, अडथळ्याचा मनावर होणारा परिणाम प्रगतीच्या परिणामापेक्षा अधिक खोल असतो. म्हणजे आठवड्यात तीन गोष्टी जमल्या आणि एक फसली, तर शनिवारी रात्री फसलेली तेवढी आठवते. उरलेल्या तीन आठवायच्या तर त्या आधी लिहून ठेवलेल्या असाव्या लागतात.

सोमवारपासूनच लिहायला लागा

बहुतेक नवे लोक रविवारी संध्याकाळी आठवायला बसतात, आणि काहीच आठवत नाही म्हणून "या आठवड्यात विशेष काही नाही" असे लिहून मोकळे होतात. हे टाळण्यासाठी सोमवारी एक साधी मजकुराची फाइल उघडावी, तिला त्या आठवड्याची तारीख द्यावी आणि रोज काम थांबवताना तिच्यात दोन ओळी लिहाव्यात: आज कुठे अडलो आणि काय सुटले. त्यासाठी वेगळे ॲप घेण्याची गरज नाही. वहीत लिहिले तरी चालते, आणि वीज गेली तरी वही उघडता येते. ज्या दिवशी काहीच सुटले नाही, त्या दिवशी निदान कुठे अडलो हे लिहावे, कारण गुरुवारी ते सुटले तर त्याचे मोल याच ओळीवरून कळणार आहे.

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) वापरत असाल, तर गिट लॉगमधून मागच्या सात दिवसांतल्या आपल्या कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, यादी काढता येते, आणि ती रविवारी आठवणीला मोठा आधार देते. मात्र कमिटचा संदेश "फिक्स", "अपडेट", "फायनल", "फायनल २" असा असेल तर त्या यादीतून काहीही बोध होत नाही. रविवारची नोंद लिहायची सवय लागली की कमिटचे संदेश आपोआप सुधारतात, हा माझा अनेक मुलामुलींच्या बाबतीतला अनुभव आहे. आपल्यालाच सात दिवसांनी ते वाचायचे आहेत हे ठाऊक असते.

यश कशाला म्हणावे

इथे नवी मंडळी सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे "एवढ्याशा गोष्टीचे काय सांगायचे" ही वृत्ती फार खोलवर आहे. निकाल लागला, नोकरी लागली, पॅकेज ठरले, की मग पेढे वाटायचे; त्याआधी बोलणे म्हणजे शेखी मिरवणे, शिवाय नजर लागण्याची धास्ती वेगळीच. त्यामुळे दोन वर्षे रोज नवे काही शिकणारा मुलगाही नोकरीचे पत्र हाती येईपर्यंत स्वतःला रिकामा समजतो. मी यश मोजतो ते एका साध्या प्रश्नाने: सोमवारी जे येत नव्हते किंवा समजत नव्हते, त्यातले काय रविवारी येते आहे? या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणून जे सांगता येईल ते मांडण्यासारखे आहे, मग ते कितीही लहान असो.

एरर मेसेज पाहून घाबरून न जाता तो पहिल्यांदाच शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि त्यातल्या ओळ क्रमांकावरून चूक सापडली, तर हे नवशिक्याचे मोठे यश आहे. एखाद्या मुक्त स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाच्या माहितीपानावरची शुद्धलेखनाची चूक सुधारून पाठवली आणि ती स्वीकारली गेली, तर त्या निमित्ताने फोर्क करणे (प्रकल्पाची आपली प्रत घेणे), ब्रँच काढणे (बदलासाठी वेगळी फांदी काढणे), पुल रिक्वेस्ट पाठवणे (आपला बदल घ्यावा अशी विनंती करणे) आणि परीक्षकाच्या शेऱ्याला सभ्यपणे उत्तर देणे, हे सगळे हातून झालेले असते. नको असलेला दोनशे ओळींचा कोड काढून टाकला आणि प्रोग्रॅम तसाच चालला, तर तेही यश आहे. बग सुटला नाही पण तो नेमका कोणत्या परिस्थितीत येतो एवढे निश्चित झाले, तर निम्मे काम झाले. मुलाखतीच्या पहिल्या फेरीत नापास होऊनही कोणत्या प्रश्नाला अडलो हे लिहून ठेवले आणि त्याचे उत्तर शोधले, तर ते मी आवर्जून मांडायला सांगतो.

ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रे मात्र मी यात धरत नाही. अनेक ठिकाणी व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला की प्रमाणपत्र मिळते. त्यातून काय जमू लागले ते लिहा, आणि प्रमाणपत्र हवे तर सोबत जोडा. "रोज चौदा तास बसलो" हीही नोंद नव्हे. तास हा खर्च आहे, उत्पन्न नव्हे, आणि तासांची चढाओढ सुरू झाली की ज्याला घरचे काम सांभाळून रात्री एकच तास मिळतो, तो हळूहळू गटातून गळतो.

नोंद मोंढ्यातल्या पट्टीसारखी असावी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मोंढ्यातली, म्हणजे शेतमालाच्या बाजारातली, पट्टी येते. आडत्याने दिलेल्या त्या कागदावर माल कोणता, वजन किती, भाव काय लागला, हमाली आणि तोलाई किती कापली आणि हाती काय आले, हे एका नजरेत दिसते. नुसता हाती आलेला आकडा सांगितला तर शेजारच्या शेतकऱ्याला त्यातून काही शिकता येत नाही. सगळी पट्टी पाहिली तर माल उद्या आणायचा की आठवडाभर थांबायचे, हे तो ठरवू शकतो. चांगली नोंदही अशीच असते. काय करायचे होते, कुठे अडले, काय काय करून पाहिले जे चालले नाही, शेवटी कशाने सुटले आणि आता काय जमते, एवढे त्यात यावे. "काय चालले नाही" हा भाग लोक वगळतात आणि नेमका तोच इतरांच्या उपयोगाचा असतो.

लातूरच्या एका विद्यार्थ्याने आधी लिहिले होते: "या आठवड्यात डेटाबेस शिकलो. खूप छान वाटले." मी त्याला चार प्रश्न विचारले, तेव्हा त्याने पुन्हा लिहिले: "कॉलेजच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांची यादी उघडायला नऊ सेकंद लागत होते. आधी मला वाटले नेट हळू आहे, म्हणून मोबाइल बदलून पाहिला. फरक पडला नाही. मग लक्षात आले की, यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याचे गुण आणण्यासाठी मी डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारत होतो, म्हणजे तीनशे विद्यार्थ्यांमागे तीनशे एक प्रश्न. जॉइन वापरून ते एकाच प्रश्नात आणले. आता एका सेकंदाच्या आत यादी येते." दुसरी नोंद वाचून त्याच रविवारी आणखी दोघांनी आपापला कोड तपासला, आणि दोघांकडेही तोच दोष निघाला.

लांबीचे बंधन नाही, पण दहा ओळींच्या पुढे जाऊ लागलात तर दोन यशे एकत्र आली आहेत का ते पाहावे आणि एक पुढच्या आठवड्यासाठी ठेवावे. भाषा मराठीच असू द्यावी. लूप, क्वेरी, सर्व्हर, डिप्लॉय हे शब्द जसे बोलतो तसे लिहावेत, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधत बसू नये. इंग्रजी नीट येत नाही म्हणून पहिल्या वर्षी गप्प राहिलेले कितीतरी चांगले प्रोग्रॅमर मी पाहिले आहेत, आणि त्यांना बोलते करायला मराठीत लिहिण्याची मोकळीक पुरेशी ठरली.

कोड आणि एरर मेसेज फोटो काढून टाकू नयेत. ते मजकूर म्हणूनच, कोड ब्लॉकमध्ये द्यावेत. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्याला उचलून चालवता येत नाही आणि ज्याला दिसत नाही त्याच्या स्क्रीन रीडरला वाचताही येत नाही. बाऱ्हाळीची नोंद मजकुरात होती म्हणून तीन महिन्यांनी हिंगोलीच्या एका मुलाला ती सापडली. त्याच्या शेतकऱ्यांच्या यादीत कऱ्हाळे आडनावाची माणसे शोधात येत नव्हती. गटात 'ऱ्ह' टाकून शोधल्यावर त्याला कारणही मिळाले आणि ती एक ओळही मिळाली. त्याचे काम अर्ध्या तासात झाले.

टाकण्यापूर्वी एकदा तपासा

नोकरी करणाऱ्यांनी कंपनीचा कोड, ग्राहकाचे नाव आणि अजून जाहीर न झालेले काम नोंदीत आणू नये. अडचण आणि उपाय सर्वसाधारण शब्दांत सांगता येतात. आपण बनवलेल्या ॲपचे चित्र देताना त्यात खऱ्या माणसांचे मोबाइल क्रमांक किंवा आधार क्रमांक दिसत नाहीत ना, हे पाहावे. पासवर्ड आणि एपीआय की (दुसरी सेवा वापरण्यासाठी मिळालेली गुप्त किल्ली) यांच्याबाबत विशेष जपावे. की चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, गेली, तर ती ओळ खोडून नवा कमिट केल्याने भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. ती की ताबडतोब रद्द करून नवी घ्यावी लागते. असे घडले तर लाजू नका. "की गेली होती, दहा मिनिटांत बदलली" हीसुद्धा मांडण्यासारखी नोंद आहे.

दुसऱ्याच्या नोंदीला उत्तर देणे

माझ्या मते स्वतःची नोंद लिहिण्यापेक्षा हे काम अधिक महत्त्वाचे आहे, आणि नव्या माणसाने पहिले दोन आठवडे एवढेच केले तरी चालेल. माझी आई बचत गटात आहे. बैठकीत वहीतून प्रत्येकीचे नाव आणि तिची जमा मोठ्याने वाचली जाते, आणि जिची रक्कम लहान आहे तिचेही नाव तितक्याच ठळक आवाजात घेतले जाते. लहानपणी मी तिथे बसून ऐकत असे. आपले नाव वाचले गेले की त्या बाईची मान जराशी वर होई, हे मला अजून आठवते. गटात कोणी नोंद टाकल्यावर ती कोणीतरी वाचली आहे, हे त्याला असेच कळायला हवे.

नुसता अंगठा किंवा "अभिनंदन" टाकल्याने ते पुरते कळत नाही. नोंदीतल्या एखाद्या नेमक्या गोष्टीला हात घालावा: "ताई, एकेक अक्षर सुटे करून पाहायचे कसे सुचले?" किंवा "भाऊ, जॉइन केल्यावर गुण नसलेले विद्यार्थी यादीतून गळले का?" अशा प्रश्नाने लिहिणाऱ्याला आपले काम पुन्हा एकदा आठवून सांगता येते, आणि कित्येकदा त्यातून पुढच्या आठवड्याचे काम निघते. नव्याने आलेली मुले सरसकट सगळ्यांना "सर" आणि "मॅडम" म्हणतात. आम्ही त्यांना दादा, ताई किंवा भाऊ म्हणायला सांगतो, कारण सरांपुढे माणूस आपली चूक सहजी सांगत नाही.

काही वाक्ये मात्र कटाक्षाने टाळावीत. "हे तर सोपे आहे" हे त्यांतले पहिले. तुम्हाला सोपे असेल. समोरच्याचे त्यात चार दिवस गेले आहेत, आणि ते वाक्य वाचून तो पुढच्या वेळी लिहिणार नाही. "याऐवजी अमुक फ्रेमवर्क का नाही घेतले?" हे दुसरे. अधिक चांगला मार्ग ठाऊक असेल तर आधी केलेल्या कामाची दखल घ्यावी आणि मग "एक सुचवू का?" असे विचारावे, तो हो म्हणाला तर सांगावे. याला एकच अपवाद आहे: नोंदीत कोणाची माहिती उघडी पडत असेल किंवा पासवर्ड दिसत असेल, तर परवानगीची वाट न पाहता त्याला लगेच खाजगीत कळवावे.

रिकामा आठवडा

असे आठवडे येतात. जूनमध्ये पेरणी असते, पुढे सोयाबीनची काढणी येते, घरी महालक्ष्म्या असतात. लातूर आणि धाराशिवकडे वेळ अमावस्येला घरात कोणी थांबतच नाही, सगळे शेतात असतात. परीक्षा असते, आजारपण असते, कधी नुसतेच मन लागत नाही. अशा वेळी "हा आठवडा काढणीत गेला, पुढच्या रविवारी भेटतो" एवढे लिहिले तरी ती पूर्ण नोंद आहे, आणि तेही लिहिले नाही तरी कोणी जाब विचारू नये. खोटे यश मात्र लिहू नका. सलग किती आठवडे नोंद टाकली याचा हिशेब ठेवणे मला मान्य नाही. एक आठवडा हुकला की साखळी तुटली असे वाटून माणूस कायमचा थांबतो.

गट चालवणाऱ्यांसाठी थोडेसे

रविवारच्या थ्रेडची, म्हणजे ज्याखाली सगळे आपापल्या नोंदी टाकतात त्या चर्चेची, वेळ ठरलेली असावी. गावाचा आठवडी बाजार ठरल्या वारी भरतो म्हणून लोक न विचारता येतात, तसेच हे आहे. आम्ही संध्याकाळी सात ही वेळ ठेवली आहे. थ्रेड उघडणाऱ्याने स्वतःची नोंद आधी टाकावी आणि ती मुद्दाम लहान असावी. त्याने पहिल्याच नोंदीत मोठा प्रकल्प जाहीर केला, तर एका फंक्शनमध्ये अडलेला नवा माणूस लिहायचे टाळतो. मंगळवारपर्यंत ज्या नोंदीला कोणाचेच उत्तर आले नसेल, तिला उत्तर देणे हे थ्रेड उघडणाऱ्याचे काम आहे, आणि यात हयगय करू नये. पहिल्याच नोंदीला उत्तर न मिळालेले लोक आमच्याकडे क्वचितच परत आले.

बक्षिसे आणि गुणतक्ते ठेवू नयेत, हे मी अनुभवाने सांगतो. एकदा मीच प्रत्येक नोंदीला गुण द्यायला सुरुवात केली होती आणि महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघांची नावे जाहीर केली. पुढच्या महिन्यात एकाच कामाचे पाच तुकडे करून पाच नोंदी येऊ लागल्या, आणि ज्यांच्या नोंदी सर्वांत नेमक्या असत, ते दोघे शांत झाले. गुण बंद केल्यावर त्यांना मी स्वतः फोन केला. एक जण परत आला.

थ्रेड उघडण्याचे काम एकाच्याच गळ्यात वर्षानुवर्षे ठेवू नये. जो सहा महिने इतरांच्या नोंदींना मनापासून उत्तरे देतो आहे, त्याच्याकडे ते सोपवावे. त्याला स्वतःला किती कोड येतो हे इथे पाहू नये. आमच्याकडे सध्या ते परभणीच्या त्याच मुलीकडे आहे. ती दर रविवारी सातला थ्रेड उघडते. मागच्या वेळची तिची नोंद तीन ओळींची होती, आणि तिच्याखाली किनवटच्या एका मुलाने आपली पहिली नोंद लिहिली.